नाव न घेता मारलेली हाक

तो पडवीतला दिवा मालव रे, डास येतात. कोळंबी अंधारातही सोलता येते.

लाथानला ओळखता ना तुम्ही? चार्ल्सटन शहरात बस चालवतो तो. थापा मारणाऱ्यांतला नाही. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तो आईच्या जुन्या घरी आपला लहानपणचा पाळणा आणायला गेला. आठ महिन्यांची सेलाह बरोबर होती. घरामागे ओकच्या झाडांखाली लांबट खळगे आहेत. लहानपणी लपाछपीत तो तिथेच आडवा व्हायचा. त्यातल्याच एकात दुलई घालून त्याने तिला निजवलं, पाळणा गाडीत चढवला, तिला उचललं नि घरी आला.

संध्याकाळपासून पोर दूध घेईना. रडेना. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हती. दवाखान्यात म्हणाले, काही झालेलं नाही.

रात्री त्याची वर्डेल आत्या आली. पोरीकडे बघून तिने एवढंच विचारलं, "कुठे टेकवली होतीस हिला?"

त्याने सांगितलं.

"निघताना नाव घेऊन हाक मारलीस?"

"आत्या, तुझं ते जुनं खूळ..."

"खूळ? गाढवा, भाताच्या मळ्यावरच्या गुलामांची पोरं पुरलीत तिथे! मालकाने एक दगड ठेवला नाही. आम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला कशाला घाबरवायचं म्हणून गप्प बसलो."

"आम्ही त्यात झोपायचो, आत्या!"

"म्हणून तर दिवेलागणीला एकेकाचं नाव घेऊन घसा फोडायचे मी. हाक नाही मारली तर पोराचा जीव मागेच राहतो. जा आता. तिचं नाव घे. नुसतं नाव."

साडेअकराला तो पोचला. चंद्र नव्हता. गाडीचं मागचं दार त्याने उघडंच ठेवलं. तोंडून निघून गेलं, "चल बाळा... घरी चल."

वारा पडला.

एका खळग्यात पाचोळा हलला.

मग शेजारच्या.

मग... सगळ्यांत.

"सेलाह!" तो ओरडला. "सेलाह! सेलाह!"

पाचोळा थांबला नाही. त्याच्या गुडघ्यांजवळून गाडीकडे काहीतरी गार गेलं... पुन्हा गेलं... जातच राहिलं.

फोन वाजला. आत्याचा होता. पलीकडे सेलाह भुकेने टाहो फोडत होती.

पोर आता चालायला लागलीय. तिचं बरं आहे.

पण गाडी... त्या रात्रीपासून मागून खाली बसलीय. गॅरेजवाल्याने दोनदा स्प्रिंगा बदलल्या. आत काही नाही. आत्या रोज तिन्हीसांजेला गाडीचं मागचं दार उघडून उभी राहते. हाक मारायला नावं ठाऊक नाहीत. थोडा वेळ थांबते... दार लोटते.

गाडी वर येत नाही.