उलट्या बाणाचा व्हॉल्व्ह

काष्टीच्या आमच्या ट्रकदुरुस्तीच्या शेडमध्ये हवेच्या नळ्या जोडायचं काम माझं. मला ते कुणी शिकवलं नाही. ह्यांनी, म्हणजे कानिफनाथांनी, चिडून अर्धवट टाकलेली कामं पुरी करता करता आलं. बहात्तर साली ह्यांनी भंगारातून रेल्वे इंजिनाचा हॉर्न आणला, आपल्या ट्रकवर बसवायला. मी म्हटलं, "रूळ कधी आणताय?" हसले, हॉर्न शेडमध्येच ठेवला, आणि ट्रक घेऊन अकोले-भंडारदऱ्याकडे गेले.

ट्रक भंडारदऱ्याच्या घाटात उभा सापडला. किल्ली जागेवर, टोपी सीटवर. माणूस नाही.

पोलिसांनी दरी धुंडाळली. धाकटे दीर गोरक्षनाथ ट्रक घरी घेऊन आले. काही दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "आवसेला दर्भाचा पुतळा करून जाळू. जीव लटकून ऱ्हायला नगं त्याचा."

पुतळा जाळला की घरापुरते ते मेले. मग मी कुणाची वाट बघायची?

मी भावजींना म्हटलं, "हॉर्न बसवून देते. आवसेच्या आधी घाटात नेऊन वाजवा. कुठं अडकून पडले असतील तर आवाज देतील."

"देतो नेऊन," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

दोन दुपारी मी त्यावर खपले. इंजिनाच्या कॉम्प्रेसरपासून टाकी, टाकीपासून हॉर्न. टाकीच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह. त्याच्या पितळेवर बाण असतो, हवा बाणाच्या दिशेनंच जाते. हवा गळू नये म्हणून आट्यांना सुतळी आणि सफेदा. इंजिन चालू केलं. टाकीवरचा दाबाचा काटा हलेना. बघते तर घाईत बाण उलटा बसलेला. कॉम्प्रेसरची हवा आत शिरायला वाटच नव्हती.

इंजिन बंद केलं. पान्हा आणायला वळले, परतले, तर काटा थोडा वर.

टाकीच्या तळाचा कॉक उघडला. फुस्स करून हवा आली. ओलसर, कोमट. तंबाखूचा वास, चुन्यासकट.

कॉक बंद केला. भांडी विसळलेल्या पाण्यात साबण कालवून फेस सांध्याला लावला. गळती असली की तिथं फुगा येतो. फुगा आला. मग आत ओढला गेला. पुन्हा आला. मध्ये एक अडखळ, मग लांब सुस्कारा. वीस वर्षं ह्यांच्या ह्याच अडखळीनं माझी झोपमोड केलेली.

हॉर्नच्या तोंडाशी वाकून म्हटलं, "अहो."

फुगा थांबला. मग भराभरा हलू लागला.

आवसेच्या आदल्या दिवशी भावजी आले. "वहिनी, बाण उलटा हाय."

"असू द्या."

"असा वाजंल का त्यो? द्या पान्हा."

व्हॉल्व्ह फिरवायचा तर सांधा सोडायला लागतो. सांधा सोडला की टाकीत जे आहे ते जातं. मी पान्हा पदराखाली धरला.

"मग घाटात काय तोंडानं वाजवू?" ते म्हणाले आणि निघून गेले.

मी सासूबाईंना शेडमध्ये आणलं, त्यांचा हात टाकीवर ठेवला. "आत्याबाई, ते श्वास घेतायत. उद्याचं थांबवा."

त्यांनी हात बराच वेळ काढला नाही. "तापलीय," म्हणाल्या. "उन्हानं."

शेडमध्ये ऊन नव्हतं.

आवसेला सकाळी सगळे पुतळा घेऊन नदीवर गेले. मी नाही गेले. बांगड्या घालूनच टाकीशी बसले. फेस ताजा केला. फुगा येत होता, जात होता.

नदीकडे धूर दिसला.

फुगा आत गेला.

मी वाट पाहिली. बोटानं नळीवर टकटक केली. "अहो," म्हटलं.

बऱ्याच वेळानं फुगा आला. सावकाश मोठा होत गेला, लिंबाएवढा. एरवी त्यातून पलीकडचा पान्हा दिसायचा.

आता दिसेना. आत धूर होता.