मधमाश्यांना न सांगितलेली बातमी

ऑल्डकोमच्या मोठ्या घरात तार आली तेव्हा थर्झा चांदीचे चमचे पुसत होती. बाईसाहेबांनी तार वाचली, तिची घडी घातली आणि "आज चहा वर पाठवू नका" एवढंच म्हणून त्या जिना चढून गेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, ॲम्ब्रोज, फ्रान्समध्ये खंदकात मारला गेला होता. स्वयंपाकघरात सगळ्यांनी डोळ्यांना ॲप्रन, रुमाल, जे हाताशी होतं ते लावलं. थर्झा मात्र चमचेच पुसत राहिली. मोलकरणीने मालकाच्या मुलासाठी किती रडलेलं चालतं हे तिला ठाऊक होतं, आणि एकदा सुरू झालं तर आपलं तेवढ्यावर थांबणार नाही हेही ठाऊक होतं.

दुपारी जोबीबाबा मागच्या दाराशी आला. घरच्या मधमाश्या सांभाळण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेला होता. त्याच्या हातात घराची मोठी लोखंडी किल्ली होती आणि काळ्या फितींची गुंडाळी.

"पोरी, माझे गुडघे आज बागेपर्यंत यायचं नाव घेत नाहीत. तू जा. घरात कुणी गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. त्यांच्या प्रत्येक पेटीला फीत बांध, किल्लीने तीनदा ठोक आणि सांग, तुमचा मालक गेला. आता कोण मालक तेही सांग. बाईसाहेबांचं नाव घे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर त्या त्याला शोधायला निघतात. माझ्या आज्याच्या वेळी निघाल्या होत्या." म्हाताऱ्याने किल्ली आणि फिती तिच्या हातात कोंबल्या. "घेऊनही आल्या."

"कुणाला?"

"तू जा गं आपली! डोकं नको खाऊ."

सफरचंदाच्या झाडांखाली पेट्या धुक्यात मांडून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. वसंतात, रजा संपायच्या आदल्या संध्याकाळी, ॲम्ब्रोजने तिला इथेच आणलं होतं. हीच किल्ली त्याने आईच्या टेबलावरून ढापली होती. घरात लग्न ठरलं तरी मधमाश्यांना सांगायचं असतं, म्हणून त्याने पहिल्या पेटीवर ठोकलं आणि वाकून म्हणाला, "ही थर्झा. माझी बायको. पाद्री नंतर, आधी तुम्ही साक्षीदार."

थर्झाला हसू आवरेना. "आणि तुमच्या आईसाहेबांना कोण सांगणार?"

"सांगू की. पण या माश्या आईपेक्षा कमी चावतात."

तेवढंच तिचं लग्न. ना अंगठी, ना पाहुणे. जगात कुणी तिला त्याची म्हणून ओळखत असेल तर त्या मधमाश्या. आता त्यांनाच तिने सांगायचं होतं की तो नाही. तिने फिती बांधल्या, किल्ली उचलली, आणि तिचा हात हवेतच राहिला. शब्द तोंडाबाहेर पडला की तो खरा होणार होता. ती तशीच परत आली.

"सांगितलंस?" जोबीने विचारलं.

"सांगितलं," थर्झा म्हणाली.

नोव्हेंबरात मधमाश्या पेटीत एकमेकींना बिलगून बसतात, बाहेर डोकावत नाहीत. त्या आठवड्यात मात्र सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या. मेलेली एकही माशी कुठे सापडली नाही. जोबीने थर्झाकडे एकदा पाहिलं आणि तो आपल्या झोपडीकडे गेला. त्याने त्या दिवसापासून दाराला कडी घातली ती उघडलीच नाही.

खरं सांगायचं तर थर्झाला आनंद झाला होता. वेड्यासारखा आनंद. मागच्या दाराची कडी ती आता लावत नव्हती. भांडी घासता घासता ती पुटपुटायची, "आणा त्याला. कसाही असू दे, पण आणा."

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात दिवे लावत होती. बाईसाहेब वर आपल्या खोलीत होत्या, बाकीची माणसं चर्चमध्ये गेली होती. आधी वास आला, मधाचा, आणि त्याखाली ओल्या मातीचा, बंदुकीच्या जळक्या दारूचा. मग आवाज. दूरच्या खोलीत कुणी झोपेत घशातल्या घशात गुणगुणावं तसा. मागचं दार आपोआप उघडलं…

उंबऱ्याच्या आत लष्करी कोट उभा होता. टोपी खाली ओढलेली. कोट स्थिर होता, पण त्याचं कापड आतून हलत होतं.

"थर्झा…"

तिने दोन्ही हात पुढे केले. त्याची बाही उचलली गेली, आणि बाहीच्या तोंडाशी हात नव्हता. तपकिरी काहीतरी एकमेकांवर चढत होतं. त्यातली एक माशी फरशीवर पडली, तिने पाय झाडले आणि ती थंडीने गारठून मेली. मग दुसरी.

"थंडी… थर्झा… सगळे गप्प का? मला… कुणी काही सांगितलंच नाही…"

आपण मेलो हे त्याला माहीतच नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं म्हणून तो त्या चिखलातून घर शोधत, असा, इथवर आला होता.

तिने खिळ्यावर टांगलेली ती लोखंडी किल्ली काढली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाईसाहेब आवाज ऐकून धावत आल्या होत्या.

"ॲम्ब्रोज?… माझं बाळ…" मग त्यांना किल्ली दिसली आणि त्यांनी थर्झाचं मनगट धरलं. "नको! सांगू नकोस! तुला काय हवं ते देते. मला कळलं होतं गं तुमचं, मीच डोळे मिटले. लग्न लावून देते तुमचं, या घरात सून म्हणून राहा, पण सांगू नकोस…"

"झालंय आमचं लग्न, बाईसाहेब," थर्झा म्हणाली. आता मात्र ती रडत होती, आणि कुणाची परवानगी मागत नव्हती. "असं नका ठेवू त्याला. बघा ना, किती थंडी वाजतेय त्याला."

तिने हात सोडवून घेतला. कोटाच्या पितळी बटणावर तीनदा ठोकलं.

"तुमचा मालक गेला," ती म्हणाली. "आता मी तुमची मालकीण."

गुणगुण थांबली. कोट खाली बसला आणि त्याच्या बाह्यांतून, गळ्यातून मेलेल्या माश्या धान्यासारख्या फरशीवर सांडल्या. बराच वेळ त्या पडत राहिल्या. मग दार जसं उघडलं होतं तसंच लागलं आणि घरात कसलाच आवाज उरला नाही. बाईसाहेब त्या ढिगापाशी मटकन बसल्या, थर्झाही बसली. कुणी कुणाचा हात आधी धरला ते दोघींनाही कळलं नाही.

आणि मग बाहेरून, दाराच्या फळीवर, लोखंड वाजलं. तीनदा.

किल्ली थर्झाच्या मुठीत होती.

"थर्झा…" बाईसाहेब कुजबुजल्या. "आता कोण गेलं?…"

थर्झाने दाराकडे कान दिला. ठोकून झाल्यावर, गेलेल्याचं नाव घ्यायच्या आधी, माणूस क्षणभर श्वास घेतो. दाराबाहेर कुणीतरी तसा श्वास घेत होतं.