ओतलेलं पाणी

'जलपाटी' हे शिडाचं जहाज समुद्रात सोडलं तेव्हा लोक हसले होते. माणसं मंगळावर राहायला गेली आणि तुम्ही शिडं कसली उभारताय? पण इंजिनाचं तेल पाण्यात मिसळलं की पाण्याची तपासणी बिघडते, म्हणून शिडं. आणि त्या तपासणीवर सगळ्या किनाऱ्याचा जीव टांगलेला होता. रोज सकाळी आठला जहाजावर खोल पाण्यातला प्राणवायू मोजण्याचा तास भरायचा, किनाऱ्यावरच्या बाराशे शाळा तो पडद्यावर बघायच्या, आणि तास संपला की बंदराबंदरात शाळेची मुलं बावटा चढवायची. हिरवा चढला तर होड्या सुटायच्या. काळा चढला तर गावाने मुलाबाळांसह डोंगर गाठायचा.

ही पाळी का आली ते सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी उन्हाळे असह्य झाले तेव्हा शहाण्यांनी समुद्रात लोखंडाची पूड पेरली. या लोहपेरणीने पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजलं, त्याने हवेतला कार्बन पोटात घेतला, आणि उन्हाळे खरंच निवले. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. पण मेलेलं शेवाळ खाली जाऊन कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. असं प्राणवायू न उरलेलं पाणी म्हणजे गुदमरपाणी. ते वाहत येऊन किनाऱ्याच्या चिखलावर बसलं की त्यात विषारी वायू तयार होतो. जमिनीकडून मतलई वारा सुटला की वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाचं वर येतं. मग वारा पडला की तो जड वायू पाण्याच्या कडेला, सखल जागी साचतो. जीव जायला दोन श्वास पुरतात.

वृंदा तांडेल ही या जहाजावर तास घेणारी बाई. तिची अकरा वर्षांची मुलगी जुईली वेळबंदरला आजोबांकडे, आबांकडे राहायची आणि यंदा शाळेची बावटाप्रमुख होती. आईला त्याचा कोण अभिमान! तास घ्यावा तर वृंदानेच. "मोजल्याशिवाय मानायचं नाही," हे तिचं वाक्य बाराशे शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं होतं.

त्या सकाळी तास संपवून ती फळा पुसत होती, तेवढ्यात जहाजावरचे समुद्रशास्त्रज्ञ डॉक्टर नेवगी वर्गात आले. त्यांचं खोल पाण्यातलं मोजयंत्र आठ महिने बंद होतं. मुख्यालय म्हणालं, वर्गात रोज मोजता आहातच की. नवं यंत्र कालच्या बोटीने आलं आणि त्यांनी आज ते पाण्यात सोडलं होतं.

"तांडेलबाई, आज वर्गात प्राणवायू किती निघाला?"

"चार. नेहमीसारखाच. का हो?"

"माझं यंत्र शून्य म्हणतंय."

"नवं आहे, बिघडलं असेल."

"तीनदा सोडलं. तुम्ही कसं मोजता ते जरा दाखवता?"

वृंदाने हौसेने दाखवलं. खोलातून आलेली पाण्याची सुरई तिने हातभर वर धरली आणि काचेच्या बाटलीत पाण्याची बारीक धार सोडली. खिडकीतलं ऊन त्या धारेत चमकलं. "मुलांना पाणी दिसायला हवं ना! नळीने भरलं की काहीच दिसत नाही. मग ही दोन औषधं. प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ, नसेल तर पांढरा." गाळ छान तपकिरी आला.

नेवगी बाकावर बसले. "बाई, धार हवेतून पडते. पडताना हवा पिऊन घेते. मेलेलं पाणीसुद्धा असं ओतलं तर जिवंत दिसेल. नळी तळाला टेकवून, एकही बुडबुडा न येऊ देता भरायचं असतं." मग खाली बघत म्हणाले, "मी एकदाही तुमच्या तासाला बसलो नाही. माझंच चुकलं."

"म्हणजे आजचा हिरवा..."

"हे पाणी कधीपासून मेलंय कोण जाणे, आणि इथलं पाणी दोन दिवसांत किनाऱ्याला लागतं. तीन दिवस मतलई होती. आणि आता ही शिडं बघा."

शिडं लोंबत होती. वारा पडला होता.

वृंदाने धावत जाऊन पडदा सुरू केला. बाराशे शाळांना एकदमच सांगितलं, पण डोळे वेळबंदरच्या चौकटीवर. धक्क्यावर जुईली, तिच्यामागे वर्गातली तीस मुलं, आणि होडी सोडायला निघालेले आबा.

"बावटा उतरवा! काळा चढवा! डोंगरावर जा!"

"काय गो, पोरांना घाबरवतेस?" आबा हसले. "हिरवा आहे."

"आई, आम्ही पण मोजलं," जुईलीने बाटली उंच धरली. गाळ तपकिरी. "तू शिकवलंस तसंच. धार धरून."

"ते चुकीचं होतं गं. ओतायचं नसतं. नळीने, बुडबुडा न येता भरायचं असतं."

"मग वर्षभर शिकवलंस ते?"

"चुकलं. माझं चुकलं, बाळा."

होडीवाले एकमेकांकडे बघू लागले. वर्षभर बरोबर असलेली बाई आज एकाएकी चुकते आणि म्हणते गाव सोडा, हे कुणाच्या गळी उतरेना.

"थांबा, मी मोजून दाखवते!" आईची बाजू घ्यायला जुईलीच पुढे झाली. तिने प्रयोगपेटीतली नळी घेतली आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली. मागोमाग तीस मुलं, आपापल्या बाटल्या घेऊन.

"जुईली, नको! खाली नको जाऊस! पाण्यापासून लांब हो!"

"मोजल्याशिवाय मानायचं नाही," कुणीतरी मूल म्हणालं, आणि बाकीची हसली.

वृंदा पडद्यावर हात आपटत ओरडत राहिली. सगळ्यात खालच्या, ओल्या पायरीवर जुईली ओणवी झाली. तोंड अगदी पाण्याजवळ नेऊन तिने नळी बाटलीच्या तळाला टेकवली आणि सावकाश, फार सावकाश पाणी भरू लागली. या खेपेला ती एकही बुडबुडा येऊ देत नव्हती.