शिकाऊ तेल

रविवारी सकाळी हेमंत शेटे यवतेश्वरचा उतार उतरून सायकल घेऊन घरी आला, की प्रणिता चहाचं आधण ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारायची, "कशी होती?"

हेल्मेट काढत तो सांगायचा, "मजेत होती." कधी म्हणायचा, "आज जरा हट्टाला पेटली होती." ऐकणाऱ्याला वाटलं असतं, नवराबायको सायकलीबद्दल बोलतायत. तसे ते सायकलीबद्दलच बोलत होते म्हणा.

सायकल गार्गीची, त्यांच्या एकुलत्या एक मुलीची. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्याच उतारावर, वडाच्या वळणाला, तिनं ब्रेक दाबलाच नाही. गार्गी खडकांवर आपटून जागीच गेली आणि सायकल बाजूच्या गवतात अलगद आडवी झाली. सायकलीला साधा ओरखडासुद्धा आला नाही. प्रणिताला त्या धडधाकट सायकलीचा इतका संताप आला होता, की भंगारात घाला ती, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. हेमंतनं ऐकलं नाही आणि पुढे तिलाही ते पटलं. त्याला कारण होतं पुढच्या फोर्कमधलं तेल.

डोंगरात चालवायच्या सायकलीचा फोर्क म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्या. खड्डा आला की त्या दबतात आणि हाताला हिसका बसत नाही. पूर्वी त्यांत साधं तेल असे. आता लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण घातलेलं तेल आलं होतं. स्वाराचं वजन, त्याचं झुकणं, ब्रेकला हात घालायची त्याची घाई किंवा आळस, हे सगळं ओळखून ते कण चुंबकाच्या इशाऱ्यावर आपली मांडणी लावत जात. काही आठवड्यांत फोर्क स्वाराला असा ओळखू लागे, की त्यानं मागायच्या आधीच नरम किंवा ताठ होई. सायकलवाल्यांनी त्याला सरळ 'शिकाऊ तेल' असं नाव ठेवलं होतं.

गार्गी गेल्यावर हेमंत पहिल्यांदा त्या सायकलवर बसला, तेव्हा वळण दिसताच फोर्क ताठ झाला. वेग कमी करायचाच नाही, असं आतून कोणी ठरवल्यासारखा. "अगं, ती आहे यात," घरी येऊन तो म्हणाला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. जेवणाऱ्या नवऱ्याकडे पाहून प्रणिता स्वयंपाकघरात जाऊन रडली. तेव्हापासून तिला ती सायकल देवासारखी झाली.

आणि देव म्हटला की पूजा आलीच. दसऱ्याला तिनं सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि फोर्कच्या चकचकीत नळीला झेंडूची माळ बांधली. पूजेनंतर वाहनाची एक चक्कर मारायची, तशी हेमंतनं मारली. करायला गेलो गणपती, झाला मारुती, म्हणतात ते असं. पुढच्याच आठवड्यात बाल्कनीच्या फरशीवर तेलाचा डाग दिसला आणि रविवारी हेमंत उतरल्या चेहऱ्यानं म्हणाला, "आज रुसली होती. काही बोललीच नाही."

सोमवारी तो कामावर गेल्यावर प्रणितानं सायकल ढकलत पोवई नाक्यावरचं आरिफ मुल्लाचं दुकान गाठलं. गार्गीच्या शर्यतींच्या वेळी सायकल तोच बघायचा. त्यानं नळीवरून वरपासून खाली नख फिरवलं. मध्येच नख अडकलं.

"काकू, दगडाचा ओरखडा इतका सरळ नसतो. ही तार घासलीय."

"माळ," प्रणिता म्हणाली. "दोऱ्यात ओवली की चक्कर मारताना तुटते रे. म्हणून तारेत ओवली मी."

"ती खाली सरकून तेल अडवणाऱ्या रबरी सीलमध्ये अडकली असणार. ओरखडा भरता येईल, त्याची काळजी नको. पण सील बदलायला खोलावं लागेल, म्हणून आधी तेलाची नोंद बघून घेतो."

त्यानं फोर्कला मीटर लावला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"काका नेमानं चालवतात?"

"एक रविवार चुकवलेला नाही. का?"

आरिफनं पडदा तिच्याकडे वळवला. "ही वरची रेघ गार्गीची, शर्यतीच्या वेळची. खालची आजची." वरची रेघ वळणावळणाला उसळत होती. खालची प्रत्येक वळणाच्या खूप आधीपासून शहाण्यासारखी उतरत होती. "हा काकांचा हात आहे, काकू. गार्गी यात नाही."

"तेल गळलं म्हणून? माझ्या तारेनं?"

"नाही हो. थेंब-दोन थेंब गळलेत. शिकाऊ तेल आहे ना, नवं शिकताना जुनं पुसतं. जो बसेल त्याचं होतं. शिमग्याच्या सुमारासच गेली असेल ती यातून."

"ही वरची रेघ आहे ना तुझ्याकडे? मग घाल परत."

"फोटोवरून माणूस उभा करता येतो का, काकू?"

प्रणितानं पडद्यावरच्या वरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आणि कुणी बसलंच नसतं तर?"

आरिफ फडक्याला हात पुसत राहिला. "तर राहिली असती."

प्रणिता स्टुलावर बसली. मघाशी तारेचं कळल्यावर तिनं मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या होत्या. आता तिला वाटलं, दोष आपल्या तारेचाच असता तर किती बरं झालं असतं. दर रविवारी लेकीला भेटायला म्हणून गेलेला बाप तिला आपल्याच हातानं पुसत आला होता. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर जन्मभर "कशी होती?" म्हणून कसं विचारायचं? गार्गीला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं तिला. या खेपेला तर सोबत रडायलाही कोणी नव्हतं.

आरिफनं काडीच्या टोकानं ओरखड्यात राळ भरली, जांभळ्या दिव्याखाली ती कडक केली, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरनं घासून सपाट केली. सील बदललं. नळी पुन्हा आरशासारखी झाली. "काकांना एवढंच सांगा, ओरखडा भरला," तो खाली बघत म्हणाला.

तेवढंच तिनं सांगितलं. रविवारी हेमंत गेला आणि नेहमीपेक्षा उशिरा परतला. प्रणिता ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहा उतू चालला होता, तरी तिच्या तोंडून नेहमीचा प्रश्न निघेना.

शेवटी तोच बोलला. "आज वडाच्या वळणाला तिनं केवढ्या लांबून वेग कमी केला, माहितीये? सावध झालीय गं पोर."

प्रणितानं वळून पाहिलं. तो सायकलीपाशी उकिडवा बसला होता आणि जिथे ओरखडा होता तिथे अंगठा फिरवत होता. तिच्याकडे तो बघत नव्हता. याला आज कळलं, की शिमग्यापासूनच ठाऊक होतं? चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं. तिनं गॅस बंद केला, त्याच्या शेजारी फरशीवर येऊन बसली आणि त्याचा अंगठा आपल्या मुठीत घेतला.

"वळणाला ब्रेक दाबला ना रे तिनं?" तिनं विचारलं.