लाल गाडीची डावी सीट

दिवे गेलेत ते तासाभरात काही यायचे नाहीत. नागापूरच्या कारखान्यांची ही विजेची लाइन मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतो. तेव्हा मशिनीपासून लांब बसा, आणि तो विडीचा धूर माझ्या तोंडावर सोडू नका. गोष्ट हवी ना तुम्हाला? मग ऐका. नगरजवळ केडगावला, पुणे रस्त्याला, सहादेव मिस्त्रीचं गॅरेज होतं, मी तिथं फिटर होतो. ही हकीगत त्याची. त्यानं ती मला एकदाच सांगितली, आणि शेवटचा तुकडा तर माझ्या डोळ्यांदेखत घडला. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

साल त्र्याहत्तर. सव्वीस एप्रिल, गुरुवार. वद्यपक्ष चालू, म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार.

केडगावात श्रीमंत नावाचा एक पोरगा होता. घरची बागायत, बाप लवकर गेलेला, आई मनकर्णाबाईचा हा एकुलता एक. हा मुंबईला गेला आणि तिथं जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती बघून आला. झालं! पोरगं जेवता-झोपता मोटारीचंच बोलायला लागलं. नवी गाडी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून जुनी शोधायची. मनकर्णाबाई खमकी बाई. ती गॅरेजात आली आणि उभ्या उभ्याच सहादेवला म्हणाली, "त्यो काय माझं ऐकायचा न्हाई. पन तुझं ऐकतो. तू व्हय म्हनशील ती गाडी घेऊ दे, न्हाई म्हनशील तर तिथंच सपलं. मला येकच लेकरू हाय, सहादेवा. व्हय म्हनताना तेवढं ध्यानात ठिव."

सहादेवनं हे फार मनाला लावून घेतलं. एक हेराल्ड बघितली, तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडाच, वाकलेली निघाली. एक फियाट बघितली, तिच्या दारांत पत्र्यापेक्षा भोकं बुजवायची लांबीच जास्त. दोन्हींना त्यानं तोंडावर नाही म्हटलं, आणि श्रीमंत दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. मग तिसरीचा पत्ता लागला. पाथर्डी रस्त्याला, घाटाच्या अलीकडे, नगरपासून पंधरा मैलांवर एका इंजिनियरचा बंगला होता. साहेब पुण्याला राहायला गेलेला आणि गाडी तिथंच पडलेली. लाल एमजी, दोन माणसांची, वर टप नाही, दारं गुडघ्याएवढी. साहेबानं पत्रानं कळवलं होतं की किल्ली वॉचमनकडे आहे, चालवून बघा, हवं तर नगरला घेऊन जा आणि नको असली तर आणून ठेवा.

सहादेव मांडीवर पोत्यात गुंडाळलेली मोटारीची बॅटरी घेऊन एसटीनं निघाला. कंडक्टरनं वाटभर त्याचं डोकं खाल्लं. वाटेत एसटीचा टायर बसला आणि बंगल्यावर पोचेपर्यंत दिवस बुडाला.

वॉचमन कारभारी नावाचा म्हातारा होता, बोलायला अगदी चिक्कू. त्यानं शेडचं दार उघडून दिलं आणि कंदील टांगून बाजूला बसला. सहादेवनं गाडी पोटाखालून बघितली. हातोडीनं चासी वाजवली. तेल बोटावर घेऊन चोळलं. बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, आणि स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून ऐकत राहिला. चार वर्षं पडलेली गाडी, पण आवाज असा एकसारखा की त्याला हसू आलं. गाडी मिळाली म्हणायची!

राहिले ब्रेक. शर्यतीच्या गाडीला पळण्यापेक्षा थांबणं महत्त्वाचं. सहादेवची एक पद्धत होती. सरळ रस्त्याला गाडी जोरात सोडायची, स्टिअरिंगवरचे हात सैल करायचे आणि कचकन ब्रेक मारायचा. मग खाली उतरून टॉर्चच्या उजेडात चाकांच्या रेघा वाचायच्या. दोन्ही सरळ आणि सारख्या असल्या तर गाडी खरी. दुष्काळी कामावर त्या रस्त्याला नुकताच मुरूम पडला होता, त्यामुळे रेघ छापल्यासारखी उठणार होती.

साडेसातला तो निघाला. बंगल्यापासून पुढे दोन मैलांवर फाटा. तिथपर्यंत रस्ता सरळ, चिटपाखरू नाही. फाट्यावर त्यानं न थांबता गाडी वळवली आणि परत येताना पाय दाबला. साठ मैल. बंगल्याचा कंदील दिसायला लागल्यावर ब्रेक मारला.

खाली उतरून त्यानं टॉर्च लावला. रेघा सुरेख होत्या. दोन्ही सरळ, दोन्ही सारख्या.

डाव्या रेघेला लागून पावलं होती. अनवाणी, लहान, बाईमाणसाची. टाचा उठलेल्याच नाहीत, नुसते चवडे रुतलेले. जीव खाऊन पळणाऱ्या माणसाची पावलं अशी उठतात. सहादेवला वाटलं, खडी फोडायला आलेली कुणी बाई संध्याकाळी घराकडे पळाली असेल. तो चार पावलं मागे गेला. पावलं होतीच. आणखी दहा पावलं मागे गेला. तिथं एक पाऊल टायरच्या नक्षीवर पडलेलं होतं.

नक्षीच्या वर.

म्हणजे गाडी गेल्यानंतर.

तो पुढे आला. पावलं गाडीच्या मागच्या चाकापाशी येऊन संपली होती. पुढे नव्हती. बाजूच्या रानातही गेलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं तिथंच गाडी शेडमध्ये घालायची. पण सहादेव मोठा हट्टी. भुताखेताला मानायचा नाही, आणि घाबरलो हे स्वतःशीसुद्धा कबूल करायचा नाही. त्याला मनकर्णाबाईचं बोलणं आठवलं. एका रेघेवर पोराचा जीव टाकायचा नाही, पुन्हा एकदा बघू, म्हणून तो परत फाट्याकडे निघाला.

आणि तिथं चुकला.

त्याचं असं होतं की गॅरेज टाकण्याआधी सहादेव बाजारच्या दिवशी जीप चालवायचा. पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं, त्यांची भांडी, कोंबड्या, सगळं भरून न्यायचा. दहा वर्षं प्रत्येक फाट्यावर गाडी उभी करून ओरडायचा. ती सवय जिभेला बसलेली. या खेपेला गाडी वळवताना फाट्यावर इंजिन बंद पडलं. अंधार. वारा नाही. त्यानं परत इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि स्वतःच्याही नकळत म्हणाला,

"चला, बसा. बसा पटापट."

डावं दार उघडलं.

आणि लागलं... खट्.

सीटची स्प्रिंग कुरकुरली. गाडी डावीकडे बोटभर खाली बसली.

सहादेवनं डावीकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "मान वळंना रं माझी. मानंतनं कुनी पहार घातल्यासारखं झालं." त्यानं क्लच सोडला. गाडी निघाली. वीस. तीस. डाव्या कानाशी कापड फडफडत होतं. टपाचं कापड असेल... पण टप नव्हताच गाडीला. वाऱ्यानं पदर फडफडावा तसं ते फडफडत होतं. आणि त्याखाली दुसरा एक आवाज. बारीक. धाप लागल्यासारखा. मोठ्या माणसाची धाप नव्हती ती.

बंगल्याच्या फाटकात कारभारी कंदील घेऊन उभा होता. गाडी थांबली. त्यानं कंदील वर केला. सहादेवच्या तोंडावर धरला. मग डावीकडे नेला.

तिथंच धरून ठेवला.

मग म्हातारा सावकाश मागे सरला आणि त्यानं फाटक आतून लावून घेतलं.

"कारभारीबाबा... उघडा."

"न्हाई."

"गाडी आत घ्यायची हाय."

"आता न्हाई." म्हातारा गजांपलीकडून बोलत होता. "तुमी तिला बसा म्हनला का?"

सहादेवनं होकाराची मान हलवली.

"साहेबाला लई नाद हुता शर्यतीचा," कारभारी म्हणाला. "रोज सांजच्याला फाट्यावरनं गाडी सोडायचा, हातात घड्याळ. त्या दिशी राहीबाई फाट्यावर हुती. ऊसतोडीवरनं आल्याली. चार म्हैन्याचं पोर वटीत, तापानं फनफनल्यालं. दवाखान्यात न्या म्हून हात जोडीत रस्त्यात आली. साहेबानं बगल दिली अन् गाडी दामटली. घड्याळ चालू हुतं न्हवं त्येचं! ती पळत आली गाडीमागं. दोन मैल पळाली. ह्या फाटकापतुर आली, अन् हितंच पडली. सकाळी बघितलं तर दोघंबी..." तो गजाला टेकला. "तवापसनं साहेब गाडीत बसला न्हाई."

"मग मी काय करू, बाबा?"

"तुमी बसा म्हनला." म्हाताऱ्यानं कंदील खाली घेतला. "आता पोचवा."

पंधरा मैल. डावीकडे बघायचं नाही. उजवीकडे अंधार. समोर दिव्यांचा उजेड, तेवढाच काय तो आधार. आधी तो जपून चालवत होता. मग त्याच्या लक्षात आलं, धाप कमी होते आहे. मध्येच थांबते. परत येते. परत थांबते...

"बाई, पोचलोच," तो म्हणाला. "जरा दम धरा."

पदर फडफडतोय.

त्यानं पाय दाबला. चाळीस. पन्नास. भीती गेली, गड्यांनो. म्हणजे गेली नाही, पण दुसरीच भीती आली. ते लेकरू जाईल याची. चार वर्षांपूर्वी गेलेलं लेकरू आत्ता आपल्या हातून जाईल याची. साठ. पासष्ट. मैलाच्या दगडामागून दगड. एक बैलगाडी आली, तिला चाटून गेला. धाप थांबली. तो ओरडला, "अगं, हलव त्येला! हलव!" स्वतःचा आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. बराच वेळ नुसतं वारं.

मग... एक उचकी.

नगरला सरकारी दवाखान्याच्या दारात त्यानं गाडी उभी केली, तेव्हा नऊला पाच कमी होते. तो वळसा घालून डावीकडे आला. मान खाली. डावं दार उघडून धरलं.

"आला दवाखाना. उतरा, बाई."

मग स्प्रिंग कुरकुरली. गाडी बोटभर वर आली.

दवाखान्याचा शिपाई पायरीवर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "कुनाला सोडलं, मिस्त्री?" सहादेव डावं दार लावून गाडीत बसला.

सकाळी सहाला मी गॅरेजात गेलो तर लाल गाडी दारात आणि सहादेव शेजारी टायरवर बसलेला. रात्रभर डोळा लागलेला नव्हता. त्यानं मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "उतरली ती. माझ्या हातानं उतरवली. आता गाडीत खोट न्हाई. अशी गाडी परत मिळायची न्हाई." मला म्हणत होता की स्वतःला, कोण जाणे.

तेवढ्यात श्रीमंत आला, मागून मनकर्णाबाई. पोरगं गाडीभोवती तीनदा फिरलं, बॉनेटला हात लावून बघितला. "सहादेवदादा, हीच! बोल ना, हो म्हण." मनकर्णाबाई सहादेवच्या तोंडाकडे बघत राहिली. सहादेवनं ओठ उघडले. हो म्हणणारच होता, मी शपथेवर सांगतो.

"थांब," मनकर्णाबाई म्हणाली. "आदी मी बसून बघती."

तिनं डावं दार उघडलं, आधाराला सीटवर हात टेकला आणि तसाच झटकन उचलला. तळवा नाकाशी नेला. तिचं तोंड पांढरं पडलं.

"वली हाय," ती म्हणाली. "कोमट."

"आई, पाणी सांडलं असेल," श्रीमंत म्हणाला.

"पानी?" तिनं हात त्याच्या नाकापुढे धरला. "मी तुला दोन वरीस पाजलंय. दुधाचा वास मला कळत न्हाई व्हय?" मग ती सहादेवकडे वळली. "सहादेवा, हितं लेकुरवाळी बसलीया. तू मला व्हय म्हननार हुतास?"

सहादेवनं मान खाली घातली. "न्हाई, मावशी. ही गाडी न्हाई."

श्रीमंतनं स्वतः सीटला हात लावून बघितला. मग तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला, लहान पोरासारखा. मायलेक निघून गेले. पुढच्या रविवारी मुंबईला शर्यत झाली, श्रीमंत गेला नाही. पुन्हा कधी त्यानं गाडीचं नाव काढलं नाही.

गाडी परत न्यायची होती. साहेबाची वस्तू आहे, जशी आणली तशी द्यावी, म्हणून मी फडकं घेतलं आणि सीट पुसली. कातडं कोरडं झालं. फडकं पिळून येतो तो डाग परत तेवढाच. दुसऱ्यांदा पुसली. सीटवर ऊन पडलेलं होतं, तरी माझ्यासमोर कातडं हळूहळू ओलं होत आलं. तिसऱ्यांदा फडकं टेकवलं, तेव्हा सहादेवनं माझं मनगट धरलं.

"राहू दे," तो अगदी हळू म्हणाला. "पाजतीया."