रक्तात नसलेली गोळी

मास्तरांच्या रक्तात औषधाचा मागमूसही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि कपाळ चोळलं. फुप्फुसातली गाठ वाढली होती. बाटलीतली गोळी मात्र रोज एक, बिनचूक संपत होती. मग ती जात कुठे होती? रुग्णांशी चोर-पोलीस खेळायचा बाईंना वीट आला होता. पण या गोळीने वाचू शकणारा माणूस त्यांना हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

समोर मास्तर, त्यांची बायको आणि धाकटा भाऊ बसले होते. भाऊ शिंपी. त्यालाही हाच आजार, पण त्याचं केमोचं सलाईन शेजारच्या डॉक्टरांकडे चाले.

"गोळी कोण देतं?"

"मीच. रोज सकाळी यांच्या हातावर ठेवते. मग दोघं भाऊ फिरायला जातात."

"उलटी होते?"

"नाही."

"पुरळ?"

"कुठलं पुरळ! चेहरा बघा, नवरदेवासारखा तुकतुकीत."

बाईंची नजर धाकट्याकडे वळली. भर उन्हाळ्यात धाकट्याने नाकापर्यंत मफलर गुंडाळला होता. बोटांना पट्ट्या होत्या.

"सुई टोचली," तो पुटपुटला.

"दोन्ही हातांना? इतके कच्चे शिंपी आहात? मफलर काढा."

त्याचा चेहरा लालबुंद पुटकुळ्यांनी भरला होता, पट्ट्यांच्या कडेने सुजलेली नखं दिसत होती. बाई थकून मागे टेकल्या.

"तुमच्या सलाईनने असं पुरळ येत नाही, नखंही अशी सुजत नाहीत. हे त्या गोळीचं काम. बाटलीतून चोरी झाली असती तर गोळ्या लवकर संपल्या असत्या. म्हणजे गोळी हातावर आल्यावर गेली. मास्तर, तुम्ही नुसतं पाणी प्यायलात. गोळी मुठीत ठेवलीत आणि फिरायला गेल्यावर याला दिलीत."

"दादा, तू तर म्हणालास, डॉक्टरांनी मलाही गुपचूप दिलीय, कुणाला सांगायचं नाही," धाकटा म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. "त्याला दोन लहान मुली आहेत. आणि पुरळ आलं म्हणजे औषध लागू पडलं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"तुमच्याबद्दल म्हणाले होते. हे औषध मापाने शिवलेल्या कपड्यासारखं. तुमच्या गाठीत जनुकांचा जो बदल सापडला, तो यांच्या गाठीत नाही; मी यांचा रिपोर्ट पाहिलाय. यांना त्रास तेवढा झाला, उपयोग शून्य. तुमच्या हाती मात्र अजून वेळ आहे."

बायको तोंडावर पदर धरून रडू लागली.

"मग मी एकट्यानं बरं व्हायचं?" मास्तरांनी टेबलावरची बाटली दूर सारली.

धाकट्याने बाटली उघडली, पट्ट्या बांधलेल्या बोटांनी गोळी काढली आणि भावाच्या ओठांशी धरली.

"माझ्या मुलींना कोणीतरी लागेल, दादा. गीळ."