काशम्मांच्या भिंतीतली ओल

ही हकिकत खोटी असती तर मलाच बरं वाटलं असतं. आजोबांनी सांगितली तशी लिहितोय. माझ्या पदरचं यात काही नाही.

१९३४ सालचा मार्गशीर्ष. सोलापूर. भर दुपार.

आजोबा, म्हणजे कुंडलिक, नळ बसवायचं काम करायचे. भुतांची चेष्टा करण्यात एक नंबर. भिंत ओली आहे म्हणजे पाणी कुठून तरी येतंय, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्या दिवशी काशम्मांनी त्यांना बोलावलं. जुनं घर, मातीच्या भिंती. वर्षभरापूर्वी परसातून आत पाइप आजोबांनीच आणला होता. आता परसाकडची भिंत ओली झाली होती, तीही बाळंतिणीच्या खोलीतली. आत त्यांची लेक राजाबाई, मांडीवर बारा दिवसांचं पोर.

पोर रडत नव्हतं. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

"पाचव्या दिशी हिचं दूध आटलं," काशम्मा म्हणाल्या. "वरचं पोटात टिकंना. त्यात ही ओल. पोर हातचं जाईल, तम्मा, माझ्या भावा. आदी भिंत कोरडी कर."

ओल कधीपासून? तीही पाचव्या दिवसापासूनच.

आजोबांनी बाहेरची पाण्याची चावी बंद केली. लाकडी दांडकं भिंतीला टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं. गळती अशीच ऐकतात. पाणी सुटत असेल तर बारीक सूं... ऐकू येतं.

सूं आलं नाही.

आलं ते... चुट्... चुट्... चुट्...

मधेच थांबायचं. मग पुन्हा.

चावी तर बंद होती.

मग त्यांनी दुसरी परीक्षा केली. ओलीला बोट लावून जिभेवर ठेवायचं. खारट लागली तर लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, कुबट लागली तर मोरी, चवच नसली तर नळ.

ती ओल कोमट होती... आणि गोड.

दूध होतं.

 एक गोष्ट फक्त आजोबांनाच ठाऊक होती. पाइप टाकताना याच भिंतीच्या पायाशी त्यांच्या पहारीनं एक लहान मडकं फुटलं होतं. आत पिवळं फडकं होतं. ते काय आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण सांगितलं तर त्याची शांत करेपर्यंत काम अडून पडेल, म्हणून त्यांनी त्यावरूनच पाइप नेला आणि माती लोटली.

आता त्यांनी सगळं सांगून टाकलं.



"राजीचं पैलं," काशम्मा म्हणाल्या. "उपजतच गेलं. आमच्यात असं लेकरू मडक्यात ठिवून परसात पुरत्यात. पुरायच्या आदी आईच्या दुदाचा थेंब वटाला लावायचा आसतो. तवा हिला दूध उतरलंच न्हाय."

आजोबांनी पाइप काढला. नवं मडकं आणलं. राजाबाईनं रडत रडत कसाबसा एक थेंब कापसावर पिळला. तो आत ठेवून मडकं पुन्हा पुरलं.

संध्याकाळी पोर प्यायलं. तिसऱ्या दिवशी भिंत वाळली.

पण त्याच दुपारी आमच्या घरी आजीचं दूध आटलं. माझे वडील तेव्हा दोन महिन्यांचे. ते शेळीच्या दुधावर वाढले. आजीला दूध पुन्हा आलंच नाही.

आजोबांनी घरातली एकेक भिंत दांडक्यानं ऐकली. काहीच आवाज नव्हता.

"आवाज आला आसता तर बरं झालं आसतं," ते म्हणायचे. "कुटं खणायचं ते तरी कळलं आसतं की."

पुढच्या महिन्यात माझी सून बाळंत होणार आहे. मी रोज सकाळी सगळ्या भिंतींवरून हात फिरवतो. अजून तरी कोरड्या आहेत.